टिनिटसच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घेणं: सही करण्याआधीचा रिव्ह्यू

टिनिटस, म्हणजे बाहेर आवाज नसताना वाजत राहणारी कानातली शिट्टी, बंद व्हावी एवढ्या एकाच आशेवर ट्रायलमध्ये नाव घालायचं असेल, तर घालू नये. हे वाचायला कडू लागेल, पण पुढचा सगळा हिशोब यावरच उभा आहे. ट्रायलमधला माणूस उपचाराचा ग्राहक नसतो. त्याच्या उत्तरांवरून उपचाराची किंमत ठरते, म्हणजे तो स्वतःच मोजपट्टी असतो. उपचार चालतो की नाही हे ट्रायल संपल्यावरच कळणार. मोजण्याची व्यवस्था चोख आहे की ढिसाळ, हे मात्र सही करण्याआधी नुसती कागदपत्रं वाचूनही बरंच ओळखता येतं. रिव्ह्यू करायचा तो त्या व्यवस्थेचा.

या आजाराची गोम अशी की त्याचं मीटर नाही. प्रौढांपैकी साधारण १४ टक्के लोकांना टिनिटस असतो आणि २ टक्क्यांच्या आसपास लोकांना तो तीव्र त्रास देतो, असा अंदाज २०२२ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात निघाला. तरीही खास टिनिटससाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने मंजूर केलेलं एकही औषध नाही. रक्ताच्या कुठल्या तपासणीत तो दिसत नाही, नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाही. रुग्ण सांगेल तेच मोजमाप, आणि रुग्णाचं सांगणं झोपेवर, ताणावर, आशेवर हलतं.

तुलना कशाशी, हा पहिला प्रश्न

जाहिरातीत ‘इतक्या टक्के लोकांना फरक पडला’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा बाजूला ठेवावा आणि खोटा, म्हणजे लुटुपुटूचा उपचार घेतलेल्यांपैकी कितीजणांना फरक पडला ते शोधावं. माणसं ट्रायलकडे वळतात ती बहुधा आवाज सगळ्यात जास्त छळत असताना. काही आठवड्यांनी तो आपोआप थोडा उतरतोच. त्यात दर भेटीला कोणीतरी आस्थेने विचारपूस करतं, रोज ठरावीक वेळ शांत बसणं होतं. एवढ्यानेही प्रश्नावलीतले त्रासाचे गुण खाली येतात.

लेनिअर या उपकरणाचं उदाहरण घेऊ. हेडफोनमधून आवाज आणि त्याच वेळी जिभेच्या टोकावर ३२ इलेक्ट्रोडच्या पट्टीतून सौम्य विद्युत स्पंदनं, असा हा दुहेरी उपचार. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या मोठ्या चाचणीत ३२६ जण होते, उपचार १२ आठवड्यांचा, पाठपुरावा वर्षभराचा. गट तीन होते, पण तिन्ही गटांना खराच उपचार मिळाला. फरक होता तो फक्त सेटिंगचा. लुटुपुटूचा गट नव्हताच. त्यामुळे सुधारणा दिसली तरी ती कशामुळे, हे त्या आकड्यांतून सुटं करता येत नाही. पुढच्या एका चाचणीत ११२ जणांना आधी ६ आठवडे नुसता आवाज आणि मग ६ आठवडे आवाज अधिक जीभ असं दिलं गेलं. मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास असलेल्यांपैकी दुहेरी टप्प्यात ५८.६ टक्के लोकांना लक्षणीय फरक पडला, नुसत्या आवाजाच्या टप्प्यात ४३.२ टक्के लोकांना. याच चाचणीच्या आधारे मार्च २०२३ मध्ये एफडीएची परवानगी मिळाली. नजर दुसऱ्या आकड्यावर ठेवावी. जिभेला काहीही न लावता ४३ टक्के! शिवाय टप्प्यांचा क्रम सगळ्यांना सारखाच होता, त्यामुळे काळाचा परिणाम पूर्ण वेगळा होत नाही.

मिशिगन विद्यापीठातल्या सुझन शोर यांच्या गटाने वेगळी रचना वापरली. आवाज आणि मान किंवा गालावरची विद्युत स्पंदनं ठरावीक अंतराने जुळवून द्यायची, म्हणजे मेंदूच्या देठातल्या डॉर्सल कॉक्लिअर न्यूक्लियसमधल्या पेशींची अति सक्रियता उतरावी, हा विचार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९९ जण होते, डबल ब्लाइंड (कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही), क्रॉसओव्हर (दोन्ही उपचार आलटून पालटून): ६ आठवडे एक उपचार, ६ आठवडे विश्रांती, मग ६ आठवडे दुसरा, पुन्हा ६ आठवडे निरीक्षण. रोज घरी ३० मिनिटं. तुलनेसाठी त्याच यंत्रातून नुसता आवाज. भाग घेणाऱ्याच्या दृष्टीने ही रचना सगळ्यात न्याय्य, कारण खरा उपचार प्रत्येकाच्या वाट्याला येतो. दोष दोन: जवळजवळ सहा महिने अडकून राहावं लागतं, आणि खऱ्या उपचाराचा परिणाम विश्रांतीतही टिकला, तर दुसऱ्या टप्प्याची सुरुवात कोऱ्या पाटीवर होत नाही. या चाचणीत नेमकं तेच झालं. उपचारासाठी ती चांगली बातमी, हिशोबासाठी डोकेदुखी.

लुटुपुटूच्या उपचाराला कमी लेखू नये याचा पुरावा चुंबकीय उपचारातही आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आरटीएमएस (डोक्याला कॉइल लावून मेंदूला चुंबकीय स्पंदनं देण्याच्या) चाचणीत खऱ्या गटातल्या ३२ पैकी १८ जणांना आणि खोट्या गटातल्या ३२ पैकी ७ जणांना ठरवलेल्या निकषाएवढा फरक पडला. म्हणजे बंद चुंबकानेही दर पाचात एकाहून जास्त माणसं सुधारली. दोन वर्षांनी जर्मनीत अनेक केंद्रांवर झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र खऱ्या आणि खोट्यात फरकच सापडला नाही.

चाळणी, आणि तिथली सगळ्यात मोठी चूक

स्क्रीनिंगची भेट लांब असते, बहुधा दोन-तीन तासांची. कानाच्या पडद्याची पाहणी, टिम्पॅनोमेट्री (हवेच्या दाबाने पडद्याची हालचाल बघणं), २५० हर्ट्झ ते ८ किलोहर्ट्झ ऑडिओग्राम म्हणजे ऐकू येण्याची चाचणी (काही ठिकाणी १६ किलोहर्ट्झपर्यंत), टिनिटसच्या सुराची आणि मोठेपणाची जुळवणी, प्रश्नावल्या, औषधांची यादी. आदल्या दिवशी मोठ्या आवाजाच्या ठिकाणी जाऊ नये. कान तात्पुरता बधिर झाला तर ऑडिओग्राम चुकतो. कानात मळ असेल तर आधीच काढून घ्यावा, नाहीतर भेट फुकट जाते. ऑडिओग्रामच्या वेळी आपला सूर कोणता आणि यंत्राचा कोणता याचा घोळ होतो, म्हणून सलग सुराऐवजी तुटक किंवा थरथरता सूर मागून घ्यावा. चांगला ऑडिओलॉजिस्ट तो न मागताच देतो, हीही एक परीक्षा समजावी.

सुराची जुळवणी एकदाच करून सोडून दिली जात असेल, तर केंद्र कच्चं आहे. बरेच लोक एक सप्तक वरखाली चुकतात. ४ किलोहर्ट्झचा आवाज २ किंवा ८ म्हणून सांगतात. त्यामुळे तीच जुळवणी अनेक वेळा करून मध्यम आकडा धरायला हवा. मोठेपणा जुळवताना आणखी एक धक्का बसतो: डोकं फोडणारा वाटणारा आवाज ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा जेमतेम ५-१० डेसिबल वर जुळतो. याचा अर्थ त्रास खोटा आहे असा नाही. त्रास आवाजाच्या मोठेपणाशी फार कमी बांधलेला असतो, एवढाच.

बाहेर काढले जाणारे ठरलेले असतात: नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज, मेनिएरचा आजार (आतल्या कानाचा, चक्कर आणणारा), पडद्याचा किंवा मधल्या कानाचा दोष, उपकरणाच्या ट्रायलमध्ये पेसमेकर, चुंबकाच्या ट्रायलमध्ये अपस्मार किंवा डोक्यातला धातू, गरोदरपण, तीव्र नैराश्य. हिअरिंग एड नुकतंच लावलं असेल तरी बहुधा थांबायला सांगतात, कारण फरक कशाने पडला ते कळणार नाही. आवाज एकाच कानात असेल किंवा ठोक्याबरोबर येत असेल, तर ट्रायलचा विचार नंतर. आधी त्याचं कारण शोधणारी नेहमीची तपासणी पूर्ण झालेली हवी. ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर ट्रायलची वाट पाहत बसणं म्हणजे कान घालवणं. त्याचा स्टेरॉइड उपचार लवकरात लवकर, पहिल्या दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा.

आता ती मोठी चूक. प्रवेशासाठी त्रासाचे किमान गुण लागतात, हे लोकांना ठाऊक असतं. मग आत शिरण्यासाठी त्रास थोडा फुगवून सांगितला जातो. प्रवेश मिळाल्यावर फुगवण्याचं कारण उरत नाही, उत्तरं खरी होतात आणि गुण आपोआप खाली येतात, खऱ्या गटात आणि खोट्या गटातही. दोन्ही गट सुधारलेले दिसतात आणि उपयोगी उपचारही नापास होऊ शकतो. ऐकू येण्यासाठीच्या एफएक्स-३२२ या इंजेक्शनच्या चाचणीत २०२१ मध्ये खोट्या गटातही अनपेक्षित सुधारणा दिसली आणि कंपनीने रचनेतल्या त्रुटीकडे बोट दाखवलं. पुढच्या चाचणीत इंजेक्शनच्या आधीच काही आठवडे श्रवण-तपासण्या घेऊन आरंभीचे आकडे पक्के केले. तीही २०२३ मध्ये अपयशी ठरली, पण निदान उत्तर स्वच्छ मिळालं. आरंभीचे गुण एकाच दिवशी घेणाऱ्या ट्रायलपेक्षा दोन-तीन वेळा घेणारी ट्रायल केव्हाही सरस.

प्रश्नावली हाच खरा उपचार-कक्ष

टीएचआय (टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी) या प्रश्नावलीत २५ प्रश्न असतात. हो ला ४, कधीकधी ला २, नाही ला ०. एकूण १००. १६ पर्यंत नगण्य, १८ ते ३६ सौम्य, ३८ ते ५६ मध्यम, ५८ ते ७६ तीव्र, त्यापुढे अतितीव्र. ७ गुणांची घट लक्षणीय मानतात. आता गंमत बघा: गुण नेहमी सम संख्येतच येतात, म्हणजे ७ म्हणजे प्रत्यक्षात ८. दोन ‘हो’ चे ‘नाही’ झाले, किंवा चार ‘हो’ चे ‘कधीकधी’ झाले, की माणूस ‘सुधारला’. एवढ्याशा घटीवर मोठमोठे मथळे उभे असतात.

टीएफआय (टिनिटस फंक्शनल इंडेक्स) ही दुसरी प्रश्नावली अधिक बारीक आहे. तिथेही २५ प्रश्न, पण बहुतेक उत्तरं ० ते १० च्या पट्टीवर, आणि प्रश्न गेल्या एका आठवड्याबद्दल. १३ गुणांची घट अर्थपूर्ण धरतात, म्हणजे प्रत्येक प्रश्नावर सरासरी सव्वा-दीड पायरी. हलका बदल टिपायला टीएफआय चांगली.

भरताना काही पथ्यं. दर वेळी दिवसाची तीच वेळ ठेवावी. सकाळी ताजंतवानं असताना आणि रात्री थकल्यावर दिलेली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. ‘गेल्या आठवड्यात’ असं विचारलं असेल तर आजचा वाईट दिवस पूर्ण आठवड्यावर पसरवू नये. मागची उत्तरं आठवून त्यांच्याशी मेळ घालू नये. ट्रायलचं कामकाज बघणारा को-ऑर्डिनेटर चांगला आहे, त्याचं मन राखावं, म्हणून आकडा कमी करणं हा सगळ्यात सभ्य आणि सगळ्यात घातक प्रकार. प्रश्नावली खोलीत एकटं बसून भरू देणारं केंद्र उत्तम. समोर बसून मोठ्याने विचारणारं केंद्र खटकतं.

उपचाराचा अनुभव, प्रकारानुसार

कानात इंजेक्शन: पडदा आधी बधिर करतात, मग आडवं झोपवून मान वळवून बारीक सुईने मधल्या कानात औषध सोडतात. मधल्या कानाची पोकळीच लहान, त्यामुळे औषध साधारण अर्ध्या मिलीलिटरच्या आत. त्यानंतर अर्धा तास त्याच कुशीवर पडून राहायचं, बोलायचं नाही, शक्यतो गिळायचंही नाही. गिळताना कानातून घशाकडे जाणारी नळी उघडते आणि औषध घशात उतरतं. तोंड कडू होतं आणि डोसही वाया जातो. औषध थंड असेल तर खोली गरागरा फिरते, म्हणून सिरिंज अंगाच्या तापमानाला आणली आहे का हे आधी विचारावं. पडद्याचं भोक बहुधा आपोआप भरतं, तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. या वाटेवरचा इतिहास मात्र उत्साह वाढवणारा नाही. एस्केटामिनवर आधारलेलं एएम-१०१ तिसऱ्या टप्प्यात २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये नापास झालं. ओटीओ-३१३ या दुसऱ्या औषधाने सुरुवातीच्या छोट्या चाचणीत आशा दाखवली आणि २०२२ मध्ये मोठ्या चाचणीत ती मावळली. छोट्या चाचणीचा निकाल मोठ्या चाचणीत टिकेलच असं धरून चालू नये.

चुंबक: डोक्याला कॉइल लावून आधी अंगठा किती ताकदीवर फडफडतो ते बघतात आणि त्यावरून मात्रा ठरवतात. वर सांगितलेल्या २०१५ च्या चाचणीत सेकंदाला एक या वेगाने २००० स्पंदनं होती, म्हणजे तेहतीस मिनिटं, सलग दहा कामाचे दिवस. कॉइलचा टकटकाट मोठा असतो. इअरप्लग न देता सुरुवात करणाऱ्या तंत्रज्ञाला तिथेच थांबवावं. डोक्याचे स्नायू आखडणं, डोकेदुखी हे नेहमीचं. झटका येणं फार दुर्मीळ, पण संमतीपत्रात त्याचा उल्लेख असायलाच हवा. या प्रकारात अडचण वेळेची असते: सलग दोन आठवडे रोज हजेरी, आणि एक दिवस चुकला तर काय, हे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, लिहिलेलं असतं. ते वाचून ठेवावं.

घरी वापरायचं उपकरण: वरवर सोपं, प्रत्यक्षात इथेच सर्वाधिक गळती. लेनिअरच्या मोठ्या चाचणीत १२ आठवडे रोज ६० मिनिटं, म्हणजे ८४ तास अपेक्षित होते आणि निदान ३६ तास झाले तर पुरेसं मानलं गेलं. निकषच निम्म्याहून खाली, यावरून ओळखावं की रोजचा तास लोकांना किती जड जातो. यंत्रात वापराची मिनिटं आपोआप नोंदली जातात. डायरीत ‘रोज केलं’ लिहिलं आणि यंत्राने नऊ दिवस दाखवले, तर विश्वास जातो तो डायरीवरचा. चुकलेला दिवस चुकला असंच लिहावं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. त्वचेवर चिकटणाऱ्या इलेक्ट्रोडचं जेल वाळलं की संपर्क तुटक होतो आणि टोचल्यासारखं लागतं. लोक मात्रा कमी करतात, खरं तर पॅड बदलायला हवं असतं. त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी, तेल किंवा क्रीम नको. जिभेच्या उपकरणात तोंड कोरडं असेल तर विद्युत संपर्क नीट होत नाही. आधी घोटभर पाणी प्यावं. हेडफोन स्वतःचे लावू नयेत, कारण आवाजाची पातळी दिलेल्या हेडफोनसाठी बसवलेली असते.

ट्रायल चालू असताना सर्दीच्या गोळीपासून झोपेच्या गोळीपर्यंत सगळं कळवायचं. ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत कान वाजवते, काही अँटिबायोटिक्स आणि कर्करोगाची औषधं कानाला इजा करतात, बेंझोडायझेपिन गटातल्या (चिंता आणि झोपेसाठीच्या) गोळ्या त्रास दाबून निकाल झाकतात. पडसं झालं तरी ‘ॲडव्हर्स इव्हेंट’ (ट्रायलदरम्यान झालेला त्रास) म्हणून नोंद होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आवाज वाढला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता चोवीस तासांच्या नंबरवर कळवावं, आणि जगणं नकोसं वाटू लागलं तर त्याच क्षणी डॉक्टरांना. ट्रायल त्या प्रसंगासाठी बनलेली नसते.

आपण कोणत्या गटात आहोत याचा अंदाज बांधण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. प्रतीक्षा-खोलीत ‘तुला झिणझिण्या येतात का?’ एवढा एक प्रश्न ब्लाइंडिंग उधळून लावायला पुरतो. चांगली ट्रायल शेवटी हे विचारते: तुम्हाला कोणता उपचार मिळाला असं वाटलं? बहुतेकांनी बरोबर ओळखलं असेल, तर निकालावर पाणी.

कागद, पैसा आणि बाहेर पडणं

नोंदणी क्रमांक मागावा. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर तो एनसीटी आणि आठ अंक असा असतो. तिथलं मुख्य मोजमाप आणि संमतीपत्रातलं मुख्य मोजमाप एकच आहे का ते पडताळावं. मध्येच बदललं असेल तर का, ते विचारावं. नोंदणी आहे म्हणजे सरकारने उपचार तपासला असा अर्थ होत नाही, हे तिथेच लिहिलेलं असतं. प्रायोगिक उपचारासाठी भाग घेणाऱ्याकडूनच पैसे मागणारी ‘ट्रायल’ दिसली की उठून यावं.

संमतीपत्र घरी नेऊ देत नाहीत, तिथूनही उठून यावं. खऱ्या आणि खोट्या गटाचं प्रमाण, इजा झाली तर खर्च कोणाचा, कोणते उपचार किती काळ बंद, एथिक्स कमिटीचा संपर्क, एवढं तरी त्यात स्पष्ट हवं. कधीही, कारण न देता बाहेर पडण्याचा हक्क असतोच. पण तोवरची माहिती बहुधा वापरली जाते, आणि सुरक्षेसाठी एक शेवटची तपासणी करून घेणं आपल्याच हिताचं. फरक पडत नाही म्हणून गुपचूप येणं बंद करू नये. निराश माणसं गळाली आणि खूश माणसं उरली, की उपचार आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. निदान शेवटची प्रश्नावली भरून मग जावं.

शेवटच्या भेटीत उपकरण परत द्यावं लागतं. ज्याला उपयोग झाला त्यालाही. ट्रायल संपल्यावर उपचार मिळेल का, हे वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यानुसार आधीच सांगितलं गेलं पाहिजे. उत्तर ‘नाही’ असेल तर ते सही करण्याआधी कळलेलं बरं. आपण कोणत्या गटात होतो हे शेवटचा माणूस बाहेर पडून हिशोब बंद झाल्यावरच उघड करतात, त्याला वर्षही लागू शकतं. म्हणून पत्ता बदलला तर को-ऑर्डिनेटरला कळवावा, नाहीतर ते पत्र जुन्या घरी पडून राहतं.